मुलींचे प्रमाण आणि सर्वेक्षणाचा आधार

२००१च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे सांगलीत ८५१, तर साताऱ्यात ८७८ मुली होत्या. राज्याची सरासरी ९१३ होती.

दोन जनगणनांच्या मधल्या काळात आरोग्य धोरणाला आधार मिळतो तो राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा. १९९२-९३मध्ये पहिली फेरी झाली. मुंबईची आंतरराष्ट्रीय लोकसंख्याविज्ञान संस्था त्याचे संयोजन करते. निवडक घरांत जाऊन जन्म, लसीकरण, पोषण यांची माहिती घेतली जाते. २०१९-२१च्या पाचव्या फेरीपर्यंत रक्तक्षयही तपासला जात असे. २०१५-१६च्या चौथ्या फेरीपासून देशातील सर्व जिल्ह्यांचे आकडे मिळू लागले.

मात्र जन्मावेळच्या लिंग गुणोत्तराबाबत सावधगिरी हवी. २०१९-२१च्या पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतील सुमारे ६ लाख ३७ हजार कुटुंबे होती. म्हणजे जिल्ह्यामागे सरासरी नऊशे. एवढ्या घरांत पाच वर्षांत काहीशेच जन्म होतात. त्यामुळे हे गुणोत्तर निव्वळ योगायोगानेही शंभराने वरखाली होऊ शकते. रक्तक्षयाचा आकडा तुलनेने स्थिर असे, कारण त्यासाठी बऱ्याच अधिक महिलांची तपासणी होत असे.

म्हणूनच गुणोत्तर सुधारल्याचे श्रेय घेण्यापूर्वी किंवा बिघडल्याचा दोष देण्यापूर्वी तालुकानिहाय जन्मनोंदणी आणि सोनोग्राफी केंद्रांच्या नोंदी पडताळणे आवश्यक ठरते. सातारा जिल्हा परिषदेने २०११मध्ये 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींना नवी नावे दिली. सांगली जिल्ह्यातील म्हैसाळ येथे २०१७मध्ये १९ भ्रूण सापडले. सर्वेक्षण दिशा दाखवते. अशा मुली आणि अशी ठिकाणे मात्र गावपातळीवरच शोधावी लागतात.