टोपी, खुंटी आणि अक्षर

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कांहीं श्रोत्यांस हंसूं येईल. संगणकाच्या कळफलकावरील कळेची टोपी खालच्या खुंटीवर घट्ट कां बसते आणि ती बसवावी कशी, हा तो विषय. इतिहासाच्या व्याख्यानांत असल्या नखाएवढ्या वस्तूला जागा कशाची, असें कोणी विचारील. परंतु एक वस्तु दुसरीवर नेमकी बसविणें ही मनुष्याची फार जुनी कला आहे, आणि आपल्या लिपीचें यंत्रयुगांतील सुखदुःख तिच्याशीं गुंतलेलें आहे. तें कसें, हें पाहण्यासाठीं प्रथम पलूसकडे जाऊं.

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यांत, किर्लोस्करवाडी आहे. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं तेव्हांच्या औंध संस्थानांत, कुंडल गांवाजवळच्या ओसाड माळावर, आपला कारखाना आणिला. त्यापूर्वीं ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिकवीत असत, आणि १८८८ पासून बेळगांवास त्यांचें सायकलींचें दुकान होतें. लोखंडी नांगरानें जमिनींत विष कालवतें, ही शेतकऱ्यांची समजूत मोडतां मोडतां त्यांच्या नाकीं नऊ आले, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. मला येथें निराळी गोष्ट सांगावयाची आहे. नांगर, कडबा कापण्याचें यंत्र, पुढें पाण्याचा पंप, यांपैकीं कोणतेंहि यंत्र घ्या. त्याचा जीव सांध्यांत असतो.

खेड्यांतल्या कारागिराला सांध्याचें हें शास्त्र ठाऊक नव्हतें असें मात्र समजूं नये. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवितात ती कशी? धावेचा घेर चाकाच्या घेरापेक्षां मुद्दामच किंचित् कमी ठेवितात. मग शेणींच्या जाळांत ती लाल करून, पसरली असतां चाकावर घालतात, आणि वरून पाणी ओततात. थंड होतांना ती आखडते आणि आरे, तुंबा यांस अशी आवळते कीं, वर्षानुवर्षें खडकाळ रस्त्यावर चाक हलत नाहीं. खिळा नाहीं, डिंक नाहीं; केवळ मापांतला एक सुतभर फरक. हाच फरक कारखान्यांत आला म्हणजे त्याला नांवें मिळतात: सैल बसणी, सरकती बसणी, घट्ट बसणी. जुन्या सायकलीच्या पायंड्याचा दांडा आंसावर उतरत्या पाचरीनें आवळला जातो. पंपाचें चक्र आपल्या दांड्यावर लहानशा लोखंडी चावीनें धरलें जातें. इंग्रजींत या चावीला आणि टंकयंत्राच्या कळेला एकच शब्द आहे, ही केवळ गंमत म्हणून सांगतों. लोहार नजरेनें माप घेतो आणि त्याच्या धावेला तेंच चाक पुरतें. कारखान्याला मात्र शंभरावा तुकडाहि पहिल्याच्या जागीं बसला पाहिजे. म्हणून तेथें दोन तोंडांचें माप वापरतात. एक तोंड भोंकांत गेलेंच पाहिजे, दुसरें जातां कामा नये.

आतां अक्षराकडे वळूं. रेमिंग्टनच्या कारखान्यांतून १८७४ च्या सुमारास विक्रीस आलेल्या टंकयंत्रांत, आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांतल्या बहुतेक यंत्रांत, अक्षराचा ठसा दांडीच्या टोकाला डाखानें कायमचा जोडलेला असे. बोटाखालचें गोल बटण केवळ खूण सांगे. खरें अक्षर पोलादांत अडकलेलें. अशा यंत्रावर कळा सुमारें ४४ ते ४६, आणि प्रत्येकीवर दोन चिन्हें. इंग्रजीला एवढें पुरून उरतें. देवनागरीस स्वर, व्यंजनें, अर्धीं अक्षरें, मात्रा, रफार, जोडाक्षरें इतका संसार त्या नव्वद घरांत मांडावा लागला. मग युक्त्या निघाल्या. ख, घ, ण, थ, ध, भ, श यांचें अर्धें अक्षर आधीं उमटवावयाचें आणि काना मागाहून जोडावयाचा. मात्रा व अनुस्वार यांच्या कळा अशा करावयाच्या कीं, त्या दाबल्या तरी कागद पुढें सरकूं नये. ज्यानें कचेरींत या यंत्रावर दिवस काढले, त्याच्या बोटांना या युक्त्या आजहि पाठ असतील.

यंत्र बदलत नाहीं तर लिपीच बदला, असेंहि म्हणणारे निघाले, आणि त्यांत क्षुद्र माणसें नव्हतीं. स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं रत्नागिरीच्या स्थानबद्धतेच्या काळांत ‘अ’ची बाराखडी पुरस्कारिली: इ, ई, उ, ए यांचीं वेगळीं रूपें टाकून ‘अ’लाच वेलांटी, उकार व मात्रा द्यावी. तिचा अंगीकार करणाऱ्यांत पुन्हां ही आपली वाडीच होती! ‘किर्लोस्कर खबर’ या नांवानें १९२० सालीं निघालेलें आणि पुढें ‘किर्लोस्कर’ झालेलें शंकरराव किर्लोस्करांचें मासिक, तसेंच १९३० मध्यें सुरू झालेलें ‘स्त्री’, यांच्या जुन्या अंकांत ‘अेक’, ‘अितर’ असे शब्द दिसतात. मला स्वतःला ही सुधारणा विचारानें पटते, डोळ्यांना पटत नाहीं. आणि ती टिकली नाहीं त्याचें कारणहि बहुधा डोळेच असावेत. तरी प्रश्न खरा होता. साच्यासाठीं अक्षर कीं अक्षरासाठीं साचा? गोदरेज कंपनीनें १९५५ सालीं स्वदेशी टंकयंत्र काढलें, पण त्यानेंहि या प्रश्नाचें उत्तर दिलें नाहीं. सातारा जिल्ह्यांतील शिरवळ येथें त्या कंपनीचीं टंकयंत्रें २००९ पर्यंत होत होतीं.

उत्तर आलें तें संगणकाच्या कळफलकाकडून, आणि तेंहि न सांगतां. येथें बोटाखालची कळ म्हणजे एक विजेचा खटका. अक्षर संगणकाच्या स्मृतींत. कळेवर फक्त त्याची चिठ्ठी. आयबीएम कंपनीनें १९८५ च्या सुमारास काढलेल्या ‘मॉडेल एम’ कळफलकाच्या टोप्या दोन थरांच्या होत्या. वरचें पातळ कवच काढून दुसऱ्या भाषेचें घालतां येई. त्याच दशकाच्या आरंभीं चेरी कंपनीचा ‘एमएक्स’ खटका आला. त्याच्या खुंटीचें तोंड अधिकचिन्हासारखें. भुजा चारेक मिलिमीटर लांब, एक मिलिमीटरहून थोड्या जाड. जपानी आल्प्स खटक्याची खुंटी लांबट चौकोनी असते. एकीची टोपी दुसरीवर बसत नाहीं. आपल्याकडे १९८६ सालीं ‘इनस्क्रिप्ट’ मांडणी ठरली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनें उजव्या, आणि जोडाक्षर घडविण्याचें काम यंत्राचें. पोलादांत अडकलेलें अक्षर असें सुटलें, आणि त्याची चिठ्ठी कोणालाहि बदलतां येऊं लागली. मात्र टोपी खुंटीवर बसली पाहिजे!

अडतें तें येथेंच. टोप्या बहुधा एबीएस किंवा पीबीटी या प्लास्टिकांच्या असतात. पीबीटी झिजून चकाकत नाहीं म्हणून लोकांना आवडतें. पण सांच्यांत थंड होतांना तें अधिक आखडतें, आणि खोबण केसभर लहान राहिली कीं धावेचाच प्रकार होतो. चाक सागाचें वा बाभळीचें असतें, तें आवळणी सोसतें. वीस-तीस वर्षांच्या जुन्या खटक्याची खुंटी ठिसूळ झालेली असते, ती सोसत नाहीं. हातोडीचा गुण येथें कामाचा नाहीं. टोपी हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यांत कांहीं मिनिटें ठेवावी, पूर्ण पुसून कोरडी करावी, कारण ओल खटक्यांत गेली तर मोठें नुकसान. मग खोबण खुंटीशीं नीट जुळवून, तिरपी न होऊं देतां, मधोमध अंगठ्यानें दाबावी. तरीहि न बसेल तर टोपीची खोबण आंतून हलकेच खरवडावी, खुंटीला कानस लावूं नये. टोपी बिघडली तर दुसरी मिळते. खुंटी मोडली तर सारा खटकाच बदलावा लागतो. काढतांना तारेचा चिमटा दोन्ही बाजूंनीं घालून सरळ वर ओढावें. एका बाजूनें उचकटलें तर खुंटी मोडते, किंवा आल्प्सच्या खटक्याचें वरचें झांकणच टोपीबरोबर हातांत येतें.

आपल्या घरांतील बहुतेक कळफलकांवर अजून इंग्रजी टोप्या आहेत. मराठी लिहिणारा कोणी त्यांवर चिकटचिठ्या लावतो, आणि घामानें त्या दोन महिन्यांत सुटतात. ज्याचा कळफलक टोपी बदलूं देणारा आहे, त्यानें निदान एक टोपी बदलून पाहावी: इनस्क्रिप्टमध्यें ‘ल’ आणि ‘ळ’ एकाच कळेवर आहेत, इंग्रजी ‘एन्’च्या जागीं, शिफ्टसह ‘ळ’. पाणी कोमट करून ठेवावें, आणि खुंटीचा आकार आधीं पाहून मगच टोपी मागवावी.