वेगाची नौका आणि जिवाची दोरी : पाण्यावरच्या शर्यती सुरक्षा कशा शिकल्या? (धागा)

१३ जून १९३०, इंग्लंडमधील विंडरमियर सरोवर. सर हेन्री सेग्रेव्ह यांच्या ‘मिस इंग्लंड २’ या नौकेने ताशी सुमारे १५९ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम नुकताच नोंदवला होता. तेवढ्यावर न थांबता त्यांनी आणखी एक फेरी घेतली. त्या फेरीत नौका उलटली. रोल्स-रॉइसचे अभियंते हॅलिवेल बुडाले आणि सेग्रेव्ह यांनी काही तासांनी प्राण सोडला. पाण्यात तरंगणारा एखादा ओंडका नौकेच्या तळाला लागला असावा, असा तर्क त्या वेळी करण्यात आला.

सदतीस वर्षांनी, ४ जानेवारी १९६७ रोजी, कॉनिस्टन सरोवरावर डोनाल्ड कॅम्पबेल यांची ‘ब्लूबर्ड’ ताशी ४८० किलोमीटरच्या पुढे गेली. इंधन भरण्यासाठी न थांबता ते लगेच परतीच्या फेरीला निघाले. नौकेचे पुढचे टोक, म्हणजे नाळ, वर उचलले गेले, खाली वारा शिरला आणि नौका हवेत कोलांटी घेऊन पाण्यावर आदळली. कॅम्पबेल यांचा देह हाती लागला तो थेट २००१ साली.

या दोन अपघातांमध्ये वेग तिपटीने वाढला, पण माणूस वाचवण्याचा विचार जवळजवळ तिथल्या तिथेच होता. मोटरबोटींच्या शर्यती काही तेव्हा नव्या नव्हत्या. हार्म्सवर्थ चषकाची पहिली शर्यत १९०३ सालची. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही हा खेळ होता आणि १९२२ पासून त्याला आंतरराष्ट्रीय महासंघ होता. मग सुरक्षेला इतका उशीर का लागला? याचे उत्तर पाण्याच्या स्वभावात सापडते, म्हणून थोडे तिकडे वळू.

साधी नौका पाणी बाजूला सारत जाते. शर्यतीची नौका वेग येताच पाण्यातून वर उठते आणि पृष्ठभागावरून घसरू लागते. तळाचा अगदी थोडा भाग तेवढा पाण्याला टेकलेला असतो. वेग मिळतो तो यामुळेच आणि धोकाही यातूनच येतो. चालक इंजिनाचा कोन बदलून नाळ वर-खाली करतो. याला ‘ट्रिम’ म्हणतात आणि नौका हाताळण्याचे निम्मे कौशल्य त्यात आहे. नाळ जरुरीपेक्षा वर गेली तर वारा नौकेला पाठीवर पाडतो. फार खाली आली तर ती समोरच्या लाटेत भाल्यासारखी घुसते. वळणावर तळाची कड अचानक पाण्यात रुतली तर नौका जागच्या जागी गरकन फिरते आणि आतला माणूस बाहेर फेकला जातो. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्यामुळे त्या वेगाला ते मऊ राहत नाही. शिवाय या नौकांना ब्रेक नसतो.

आता गंमत पाहा. (गंमत म्हणणे थोडे क्रूर आहे, पण इतिहासात असे होते.) कित्येक दशके चालकांचा ठाम समज होता की पट्टा न बांधणेच शहाणपणाचे. नौका उलटली तर पाण्यात फेकले गेलेले बरे. पट्ट्यात अडकलो तर उलट्या नौकेखाली बुडून मरू. ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाला हा हिशेब बरोबरही होता. दोनशेच्या वेगाला तो साफ चुकत होता, कारण फेकल्या गेलेल्या माणसाला पाण्यावर आदळण्यानेच मरण येत होते. तरीही जुना समज सुटेना.

तो सुटला १९८४ नंतर. त्या हंगामात सर्किटवरच्या शर्यतींत एकामागून एक चालक दगावले. ख्रिस हॉजेस या ब्रिटिश नौका-बांधणाऱ्याने प्रश्नच उलटा मांडला. नौका फुटणार हे गृहीत धरा, पण चालकाभोवतीचा कोष फुटू देऊ नका. मजबूत संमिश्र धाग्यांचा हा कोष उरलेल्या नौकेपासून सुटा होऊ शकतो आणि माणूस त्यात पट्ट्यांनी घट्ट बांधलेला राहतो. सुरुवातीला अनेक चालकांनी त्याकडे संशयाने पाहिले. अपघातांतून लोक चालत बाहेर येऊ लागले तेव्हा विरोध मावळला आणि पुढे कोष सक्तीचा झाला. खुल्या समुद्रावरील शर्यतींनी मात्र आणखी किंमत मोजली. १९८७ मध्ये फॉर्म्युला वनचे माजी चालक दिदिए पिरोनी आणि त्यांचे दोन सहकारी आइल ऑफ वाइटजवळ गेले. १९९० मध्ये मोनॅकोजवळ स्टेफानो कासिरागी गेले.

कोषाने जुनी भीती मात्र पुन्हा जिवंत केली, ती म्हणजे उलट्या नौकेत अडकण्याची. त्यावरचा उपाय मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणा वाटतो, कारण तो यंत्राइतकाच सरावावर उभा आहे. चालकाला आधी पट्टे बांधून एका नकली कोषात बसवतात, तो कोष पाण्यात उलटा करतात आणि ठरलेल्या वेळात, न घाबरता, स्वतः बाहेर यायला लावतात. ही परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय शर्यतीत उतरता येत नाही. जोडीला आपत्कालीन श्वासासाठी हवा असते, मान सांभाळणारे साधन असते, कानात वाट दाखवणाऱ्या सहकाऱ्याचा आवाज असतो आणि पाणबुडे घेऊन तयार उभ्या असलेल्या बचाव-नौका असतात.

जीवरक्षक जॅकेटचीही एक कथा आहे. १८५४ मध्ये इंग्लंडच्या जीवरक्षक संस्थेसाठी कॅप्टन वॉर्ड यांनी बुचाच्या तुकड्यांचे जॅकेट तयार केले. पण बेशुद्ध माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहील का? दुसऱ्या महायुद्धात एडगर पास्क या भूलतज्ज्ञाने हे स्वतःवर तपासले. त्यांना ईथर देऊन बेशुद्ध करत आणि निरनिराळी जॅकेटे घालून तलावात सोडत. कोणते जॅकेट माणसाला उताणे ठेवते आणि कोणते पालथे पाडते हे अशा तऱ्हेने कळले. आज चांगल्या जॅकेटला जी मान उचलून धरणारी कॉलर दिसते, तिच्यामागे या माणसाचे गटांगळ्या खाणारे शरीर आहे. एक बारकावा : हवेने आपोआप फुगणारे जॅकेट बंद कोषात घालत नाहीत. ते फुगले तर माणूस उलट्या नौकेच्या तळाला चिकटून बसेल.

उघड्या वेगवान नौकेसाठी मात्र सर्वांत स्वस्त साधन म्हणजे एक दोरी. तिचे एक टोक चालकाच्या मांडीला किंवा जॅकेटला, दुसरे इंजिनाच्या कळीला. चालक जागेवरून फेकला गेला की कळ निघते आणि इंजिन बंद पडते. मे २०१३ मध्ये इंग्लंडमधील पॅडस्टोजवळ एक कुटुंब नौकेतून बाहेर फेकले गेले. दोरी बांधलेली नव्हती. रिकामी नौका गोल गोल फिरत त्यांच्याच अंगावर येत राहिली आणि वडील व लहान मुलगी दगावली. अमेरिकेने लहान मोटरबोटींवर अशा साधनाचा वापर कायद्याने बंधनकारक केला तो १ एप्रिल २०२१ पासून.

आता आपल्या किनाऱ्यावर येऊ. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर ‘पी-वन’ पॉवरबोट शर्यती झाल्या. सर्व नौका एकसारख्या, २५० अश्वशक्तीच्या, आणि प्रत्येकीत चालक व दिशादर्शक अशी जोडी. डोक्यावर शिरस्त्राण, अंगावर जॅकेट, आखलेला मार्ग, प्रेक्षक किनाऱ्यावर. त्या पाण्यावरचे सर्वांत धाडसी लोक तेच होते आणि सर्वांत सुरक्षितही.

याच मुंबईच्या पाण्यावर २४ ऑक्टोबर २०१८ रोजी शिवस्मारकाच्या कार्यक्रमाला निघालेली स्पीडबोट खडकावर आदळून बुडाली आणि एकाचा जीव गेला. १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची एक वेगवान नौका इंजिनाच्या चाचणीत असताना तिच्यावरचा ताबा सुटला. ती घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर धडकली. ८४ प्रवाशांची परवानगी असलेल्या बोटीत शंभराहून अधिक माणसे होती. एकूण १५ जण गेले. जॅकेटे धडकेनंतर वाटली गेली, असे वाचलेल्या प्रवाशांनी सांगितले. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, हे कोकणातल्या घराघरांत ठाऊक आहे. तिच्यावर बिनतारी यंत्रणाही नव्हती.

शर्यतीचा आयोजक अपघात होणारच असे धरून चालतो. प्रवासी बोटीचा मालक, तांडेल आणि आपण प्रवासीसुद्धा तो होणार नाही असे धरून बसतो. माझ्या मते साधनांच्या किमतीपेक्षा हा फरक मोठा आहे. जॅकेट बाकाखाली गाठोडे करून बांधलेले असेल तर कायद्याच्या दृष्टीने ते बोटीवर आहे, पण बुडणाऱ्याच्या दृष्टीने ते नाही.

हे केवळ समुद्राचे दुखणे नव्हे. मी लिहितो आहे तो गोंदिया जिल्हा तलावांचा. सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे, तिथे माघ पौर्णिमेला लाखो गोंड भाविक चालत येतात. तो डोंगर समुद्रापासून शेकडो कोस दूर असला तरी पाणी सगळीकडे आहे. नवेगावबांधसारख्या तलावांवर ढिवरांचे डोंगे चालत आले आणि त्यांना ना इंजिन ना दोरी. २३ जानेवारी २०२४ रोजी शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात वैनगंगेत नाव उलटली. मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या सहा मजूर स्त्रिया बुडाल्या. तिथे वेग नव्हताच. १९१७ चा जुना कायदा मोडीत काढून आलेल्या २०२१ च्या अंतर्देशीय जहाज अधिनियमात यंत्राविना चालणाऱ्या नावांसाठीही प्रकरण आहे आणि त्यांच्या नोंदणीचे काम स्थानिक संस्थांकडे आहे. आपल्या गावच्या घाटावरची नाव नोंदलेली आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारता येते.

नीलकमलनंतर गेटवेवर जॅकेट सक्तीचे झाले. ते कसे तपासावे, एवढे सांगून धागा थांबवतो. सगळे बंद बांधा आणि सोबत्याला खांद्यापाशी धरून वर ओढायला सांगा. जॅकेट कानापर्यंत सरकले तर ते सैल आहे आणि पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. दुसरे मागा.