सिगारेटच्या जाहिरातीतली गाणी

आज एका दुर्मीळ ध्वनिमुद्रिकेची गोष्ट सांगतो. आपल्या जुन्या बाजारात रविवारी रेकॉर्डी चाळणाऱ्याच्या हाती ती लागली, तर तो दिवस सोन्याचा.

आज आयटीसी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तंबाखू कंपनीने आपल्या ‘सिमला’ सिगारेटच्या जाहिरातीसाठी १९७० आणि १९७१ मध्ये देशभरातल्या बँडची स्पर्धा भरवली. मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात तरुणांची झुंबड उडाली. शिलाँगहून फेन्टोन्स आले, कलकत्त्याहून ग्रेट बेअर. या स्पर्धेतून ‘सिमला बीट ७०’ आणि ‘सिमला बीट ७१’ या दोन तबकड्या निघाल्या. गाणी इंग्रजी, काही स्वतः बांधलेली, तर काही परदेशी गाण्यांची नक्कल. वाजवण्याची तऱ्हा मात्र अंगावर येणारी. गिटारचा आवाज इतका वाढवायचा, की ध्वनिलहरींचे शेंडे कापले जाऊन स्वर खरखरावा. परदेशी वाद्ये सहज मिळत नसत. म्हणून मिळेल त्या सामानावर ही पोरे तो आवाज काढत. त्याच १९७१ मध्ये पुण्याच्या वाटेवर, मळवलीला ‘स्नेहयात्रा’ नावाचा रॉकचा मेळावाही भरला होता.

‘सिमला बीट ७१’मध्ये मुंबईचा ‘व्हेल्व्हेट फॉग’ हा बँड आहे. जवळपास याच नावाचा बँड इंग्लंडातही होता. त्याची तबकडी १९६९ ची. पुढे ‘ब्लॅक सॅबाथ’मुळे गाजलेला टोनी आयोमी त्यात अल्पकाळ गिटार वाजवून गेला होता. मुंबईच्या व्हेल्व्हेट फॉगमध्ये मात्र एक मराठी मुलगा गात असे. त्याचे नाव नंदू भेंडे. आत्माराम आणि आशा भेंडे या नाटकवेड्या दांपत्याचा हा मुलगा.

घरात मराठी रंगभूमी आणि गळ्यात इंग्रजी रॉक! अशा पोराला आपण चटकन ‘वाया गेलेला’ म्हणून मोकळे होतो. पण पुढचे पाहा. १९७४ मध्ये अलेक पदमसींच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये नंदू भेंडे ज्यूडास झाले. १९७८ मध्ये पुण्याच्या थिएटर ॲकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ रंगभूमीवर आणले. मूळ नाटक जर्मनीतल्या ब्रेख्टचे, रूपांतर पु. ल. देशपांड्यांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे. त्यातला अंकुश नंदू भेंड्यांनी केला आणि संगीतालाही हातभार लावला. नाटकातल्या लावणी-पोवाड्याच्या शेजारी रॉक येऊन बसला, आणि मराठी प्रेक्षकाने त्याला जागा दिली.

ही गोष्ट मला जवळची वाटते, त्याला कारण आहे. मी मुसलमान घरातला. कविता मराठीत लिहितो. “तुमची भाषा कुठली हो?” हा प्रश्न मला अजून विचारला जातो. विचारणारा वाईट नसतो. त्याला वाटते, भाषा जन्मदाखल्याबरोबर मिळते. मी म्हणतो, ज्या भाषेत माणूस राबतो, ती त्याची. रॉक शिकून आलेल्या नंदू भेंड्यांनी तो स्वर मराठीत राबवला, आणि मराठी तेवढी श्रीमंत झाली.

२०१४ मध्ये नंदू भेंडे गेले. ‘सिमला बीट’च्या तबकड्या आता देशोदेशीचे संग्राहक शोधत असतात. मूळ प्रती फार थोड्या उरल्या. एका जाहिरातीची वस्तू जपून ठेवावी, असे तेव्हा कुणाला वाटणार?

म्हणून एक विनंती. माळ्यावर जुन्या रेकॉर्डी असतील, तर भंगारवाल्याला देण्याआधी लेबले वाचा. इंग्रजी गाण्यांची आहे म्हणून बाजूला टाकू नका. आपलाच कुणी त्यात गात असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)