आधी ठाय

लखनौच्या कैसरबागेतल्या परीखान्याच्या पायऱ्या मी आता सावकाश उतरते. आधी दुखरा पाय खाली, मग चांगला, चढताना उलट. अवधचा नवाब वाजिद अली शाहच्या काळी इथे मुली गाण्या-नाचण्याची तालीम घेत. १८५६ साली इंग्रजांनी त्याचं राज्य खालसा केलं. १९२६ मध्ये संगीतज्ञ भातखंड्यांच्या पुढाकाराने लखनौत मॅरिस कॉलेज हे संगीत विद्यालय निघालं. तेच आज भातखंड्यांच्या नावाने या वास्तूत नांदतं आहे. मोहनराव कल्याणपूरकरांनी तिथे कथक शिकवलं. पुण्याच्या रोहिणी भाटे त्यांच्याकडे आणि लच्छू महाराजांकडेही शिकल्या. लखनौचं पाऊल आमच्या पुण्याच्या फरशीवर आलं ते असं.

फरशीवर, हेच माझं दुखणं. कथकमध्ये गुडघे सरळ ठेवून सपाट तळव्याने तत्कार, म्हणजे पायांचे बोल, करायचा. लाकडी फळ्यांची जमीन थोडी दबते, फरशी दबत नाही. मांडीचे स्नायू दमले की प्रत्येक आघाताचा भार गुडघ्यावर येतो. चौतिसाव्या वर्षी, दोन्ही पायांत दीड-दीडशे घुंगरू बांधून, मी थेट चौगुनीत, चौपट लयीत, शिरायची. एका संध्याकाळी उजवा गुडघा सुजून नारळाएवढा झाला.

सहा आठवडे नाच बंद. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा आणि तसाच धरायचा, एवढाच व्यायाम. दहा आकडे मोजा, डॉक्टर म्हणाले. मी तीनताल मोजला, सम ते सम, सोळा मात्रा. उकिडवं बसणं सोडलं, घरातही चप्पल घालू लागले.

उभं राहता येत नव्हतं तेव्हा मला लखनौची बैठक खरी कळली. लखनौ घराण्याचे शंभू महाराज बसून भाव दाखवत. ठुमरीची एकच ओळ, आणि दर वेळी अर्थ नवा. मांडी घालणंही जमेना, म्हणून मी चौरंगावर बसून नजर आणि मनगट घोटलं. माझा अभिनय त्या दीड महिन्यात घडला, असं मी आजही मानते.

तत्काराची चाल मुळात आधी संथ ठाय, मग दुगुन, मग चौगुन अशीच आहे. पाय तापवण्याची सोय त्या क्रमातच होती, आणि आम्ही परीक्षांच्या घाईत ती पायरीच गाळली, याची मला फार हळहळ वाटते. माझ्या वर्गात आता फळ्या टाकल्या आहेत. पहिली दहा मिनिटं घुंगरू नाहीत, फक्त ठाय.

"ताई, चौगुन कधी?" नऊ वर्षांची एक रोज विचारते.

मी तिला खुर्चीत बसवते, पाय सरळ करायला लावते आणि टाळी धरते. अकराव्या मात्रेला तिची मांडी थरथरू लागते.