रविवारची विश्रांती

रविवारची सुट्टी इंग्रजांनी दिली, असे आपण सहज बोलून जातो. तिची हकीकत फार जुनी आहे. सातव्या दिवशी काम बंद ठेवावे, ही बायबलच्या जुन्या करारातील आज्ञा. तीत धन्याबरोबर दास, दासी आणि बैलही मोजले आहेत. कारण असे की, तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, हे विसरू नका! ख्रिस्ती लोकांनी पुढे येशूच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार पाळला. इ. स. ३२१ मध्ये कॉन्स्टंटाइन बादशहाने त्या दिवशी न्यायकचेऱ्या आणि शहरातील कारखाने बंद ठेवविले. शेतकऱ्याला मात्र सूट होती. म्हणजे राबण्याची सूट.

मुंबईत कचेऱ्या रविवारी बंद, गिरण्या मात्र चालू. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली ५,५०० कामगारांचा अर्ज सरकारी कमिशनपुढे ठेवला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवार मान्य केला. चर्चच्या घंटेने जे झाले नाही, ते एका सत्यशोधकाने करून घेतले.

आणि आम्ही? आम्ही वर्षानुवर्षे युनियनच्या सभा रविवारी सकाळीच लावीत आलो. एकदा वसईकडचा एक ख्रिस्ती कामगार म्हणाला, “भाऊ, आठवड्यात तेवढा एक तास हात मांडीवर ठेवून देवापुढे बसतो. तिथे कोणी हाक मारीत नाही. तोही तुम्हीच घेणार काय?”

पुढच्या रविवारपासून सभा संध्याकाळी भरू लागली.