पायांनी शोधलेला सूर

गाण्याच्या कागदावर स्वर असतात, ताल असतो, शब्द असतात. गाणाऱ्याने जागचे उठून कोठे जावे, हे त्यावर कोणी लिहीत नाही. पण असा एक कागद लिहिला गेला आहे.

लंडनच्या कॉर्नेलियस कार्ड्यूने १९६८ साली ‘द ग्रेट लर्निंग’ ही सात भागांची रचना आरंभली. आधार कन्फ्यूशियसच्या परंपरेतील एका चिनी ग्रंथाचा. कार्ड्यू लहानपणी कॅंटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये गायलेला, पुढे स्टॉकहाउसेनचा साहाय्यक झालेला. म्हणजे शास्त्र कोळून प्यालेला माणूस. त्यानेच १९६९ साली दोघा मित्रांसह ‘स्क्रॅच ऑर्केस्ट्रा’ काढला आणि गाणे शिकलेल्यांच्या पंक्तीला न शिकलेल्यांना बसविले.

सातव्या भागात वाद्य नाही, स्वरलिपीही नाही. शब्द आहेत, आणि प्रत्येक शब्द किती वेळा म्हणावयाचा त्याचा आकडा. पहिला शब्द आठ वेळा. दर खेपेस एक श्वास पुरेल तेवढा लांब. पहिला सूर ज्याचा त्याने मनाशी ठरवावा. पुढच्या ओळीसाठी मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यातून ऐकू येणारा सूर घ्यावयाचा! तो ऐकू येत नसेल तर चालत जाऊन ऐकावा. ओळ गाताना स्थिर उभे राहावे. चालावे ते दोन ओळींच्या मध्ये. एकच सूर लागोपाठ दोन ओळींना चालत नाही.

शाळेत प्रार्थनेच्या वेळी सूर हरवलेले पोर शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघत बघत त्याचा सूर पकडते, हे मी रोज पाहतो. कार्ड्यूने त्या पोराच्या युक्तीचाच नियम केला.

आरंभी माणसे तितके सूर, नुसता कल्लोळ. परंतु जो तो ऐकलेलाच सूर उचलतो, म्हणून सुरांची गर्दी हळूहळू ओसरते. ब्रायन ईनो स्वतः या गाण्यात गायला होता. १९७६ सालच्या आपल्या लेखात त्याने आणखी एक कारण दिले: प्रत्येक दालन काही सुरांना अधिक घुमविते, ते ठळक ऐकू येतात आणि म्हणून तेच उचलले जातात. सूर दालनच निवडते म्हणा ना!

पुढे कार्ड्यू कडवा मार्क्सवादी झाला. १९७४ च्या पुस्तकात त्याने स्टॉकहाउसेनबरोबर आपल्या या कृतीलाही झोडपले. मला ते पटत नाही. अडाणी गळ्याला शहाण्या गळ्याशेजारी उभे करणारे इतके साधे गाणे त्याला नंतर साधले, असे मला वाटत नाही. १९८१ च्या डिसेंबरात मोटारीच्या धडकेने तो गेला. मोटारवाला थांबलाही नाही. गाणे मात्र लोक अजून गातात.

त्याला ठरलेली लांबी नाही. जो तो आपल्या चालीने पुढे जातो, त्यामुळे गाणारे एकामागून एक गप्प होतात. शेवटी एखादाच उरतो. ऐकावयास दुसरा सूर नसेल तर काय करावे, तेही कागदावर लिहिलेले आहे: आपल्याला हवा तो सूर घ्यावा.