दारी आलेला वळू

पुण्याहून सोलापूरच्या वाटेने जाताना लोणी काळभोर मागे पडले की उरळी कांचन लागते. 1946 च्या मार्चमध्ये निसर्गोपचाराच्या प्रयोगासाठी गांधीजींनी हे गाव पसंत केले, काही दिवस मुक्काम करून रोगी तपासले आणि ते पुढच्या कार्याला निघून गेले. मागे राहिला तो सुरत जिल्ह्यातील कोसमाडा गावचा, पंचविशीतला मणिभाई देसाई नावाचा तरुण, ज्याने उभा जन्म याच गावी वेचण्याचा शब्द गांधीजींना दिला होता आणि 1993 मध्ये देह ठेवीपर्यंत तो पाळला.

देशावरचा शेतकरी त्या काळी गाय पाळी ती मुख्यतः बैलासाठी. खिलार गाईच्या पोटी नांगराला आणि मोटेला चालणारा खोंड निपजला की तिचे सार्थक झाले, दूध शेर-दोन शेर निघाले तर ते वासराला पुरून उरेल तेवढे घरचे, हा सगळ्या मुलखाचा रिवाज. अशा ठिकाणी मणिभाईंनी उरळीच्या निसर्गोपचार आश्रमाच्या गोशाळेत आणली ती सौराष्ट्रातील गीर गाय: कपाळ घुमटासारखे फुगीर, कान वळलेल्या पानासारखे लांब लोंबते, शिंगे मागे वळलेली. गोभक्ती आपल्याकडे उदंड, पण गाईचा हिशेब ठेवणारा भक्त विरळा. कोणती गाय कधी व्याली, वेतात किती दूध दिले आणि किती दिवस भाकड राहिली, याची रुजवात घेणे हीच मणिभाईंची पूजा होती, असे मला वाटते.

परंतु एका गोशाळेच्या भरभराटीने तालुक्याचे दारिद्र्य हटत नाही. 1967 मध्ये त्यांनी भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन, म्हणजे आजची ‘बाएफ’, स्थापन केली, आणि जर्सी व होल्स्टीन वळूंचे रेत गावठी गाईपर्यंत नेण्याचा उद्योग आरंभिला. माजावर आलेली गाय दवाखान्यापर्यंत हाकीत न्यावी तर माज जेमतेम एक दिवसाचा, तो वाटेतच सरायचा. म्हणून वळूनेच दारी यावे, ही त्यातली युक्ती. उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनचा जड डबा घेऊन मोटारसायकलवरून आलेला कार्यकर्ता काडीएवढी नळी चिमट्याने वर काढी, कोमट पाण्यात धरी, गाय खोड्यात उभी करून काम उरकी, वहीत तारीख टिपी. आणि सुमारे नऊ महिन्यांनी, ज्याचे दर्शन त्या गावाला कधी घडले नव्हते अशा वळूची कालवड गोठ्यात उभी राही. पुढे वैरणीसाठी सुबाभूळही आली. 1982 मध्ये मणिभाईंना मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

तक्रार नव्हती असे नाही. संकरित गाईचा खोंड जन्मे तो सपाट खांद्याचा; वशिंड नाही, म्हणून जू नीट टेकत नाही, आणि वैशाखाच्या उन्हात नांगराला जुंपला की धापा टाकू लागतो. ज्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या बैलासाठी गाय पाळली, त्याला दुधाचा पैसा हाती येत असतानाही हे शल्य टोचत राही, आणि त्याचे काही चुकत होते असे मला म्हणवत नाही. हा तंटा अखेर मिटविला तो ट्रॅक्टरने. त्या बिनवशिंडाच्या खोंडांचे करावयाचे काय, हे मात्र गोठ्यातल्या धन्याला आजही उमगलेले नाही.